डॉक्टर, पोरगा चार महिन्यांत मॅटवर उतरेल ना?

गेल्या अंकात संपादकांनी 'खेळातल्या दुखापतींबद्दल प्रश्न पाठवा' असं छापलं, मला वाटलं दहा-पंधरा येतील, तर पिशवीभर पत्रं आली आणि शिवाय मोबाईलवर एमआरआयच्या फिल्मा खिडकीच्या काचेला लावून काढलेले फोटो. बाबांनो, त्यात मागचं नारळाचं झाड छान दिसतं, गुडघ्यातली गादी दिसत नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. आणि एक आधीच सांगून ठेवतो, पत्र वाचून सांधा तपासता येत नाही, त्याला हात लावावाच लागतो, त्यामुळे इथलं उत्तर घेऊन थेट मेडिकलवाल्याकडे जाऊ नका.

प्रश्न: नमस्कार डॉक्टरसाहेब. माझा मुलगा १९ वर्षांचा, तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळतो, रेडर आहे. तीन आठवड्यांपूर्वी चढाईला गेला तेव्हा कोपऱ्यावरच्या बचावपटूने पाय धरला, हा वळला आणि कट्‌ असा आवाज आला म्हणतो. तासाभरात गुडघा भोपळ्यासारखा सुजला. गावात एकाने चोळून दिला, सूज उतरली, चालतोय, पण जिना उतरताना गुडघा सटकतो. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलंय असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात उद्याच ऑपरेशन करू, दुसरे म्हणतात घाई नको. चार महिन्यांनी निवड चाचणी आहे, तोवर मॅटवर उतरेल ना? ऋषभ पंतपण ऑपरेशन करून आला की परत. (वाळवा तालुका, सांगली)

दादा, तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांतच निम्मं निदान झालं. कट्‌ आवाज, आणि तासाभरात सूज. साधा मुरगळलेला गुडघा हळूहळू सुजतो, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. तासा-दोन तासांत टम्म फुगला म्हणजे आत रक्त साचलं, आणि खेळाडूच्या गुडघ्यात रक्त साचायचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, एसीएल. गुडघ्याच्या मधोमध तिरका जाणारा करंगळीएवढा दोर असतो, नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघ्याने गरकन पीळ खाऊ नये म्हणून. कबड्डीत काय होतं, मॅटवर बूट घट्ट चिकटतो, वरून कोपऱ्याने पाय धरलेला, आणि रेडर जिवाच्या आकांताने मध्यरेषेकडे वळतो. अंग वळतं, पाय तिथेच. सगळा पीळ त्या दोरावर जातो. मातीत निदान पाय थोडा घसरायचा तरी.

आता 'उद्याच ऑपरेशन'बद्दल. माझं मत दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने. सुजलेल्या, तापलेल्या, अर्धवट वाकणाऱ्या गुडघ्यात ऑपरेशन केलं की तो नंतर आखडतो, आणि आखडलेला गुडघा सरळ करणं हे एसीएल करण्यापेक्षा अवघड काम आहे. आधी गुडघा शांत होऊ द्या. सूज गेली पाहिजे, पाय दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ झाला पाहिजे, मांडीचा स्नायू जागा झाला पाहिजे. याला दोन-तीन आठवडे लागोत नाहीतर सहा, काही बिघडत नाही, फक्त त्या काळात खेळायचं नाही, कारण सटकणारा गुडघा दर वेळी आतली गादी चिरत जातो. अपवाद एकच, गादीचा तुकडा मध्ये अडकून गुडघा लॉक झाला असेल, सरळच होत नसेल, तर मात्र थांबायचं नाही. तुमचा मुलगा चालतोय म्हणताय, पण पाय पूर्ण सरळ होतो का ते लिहिलेलं नाही. त्याला खाटेवर झोपवा, टाचेखाली उशी द्या आणि दोन्ही गुडघ्यांमागची पोकळी बघा. एका बाजूला जास्त वाटली तर याच आठवड्यात दाखवा. आणि ते चोळणं आता पुरे.

ऑपरेशन करायचंच का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. स्वीडनमध्ये १२१ तरुण खेळकर मंडळींवर एक अभ्यास झाला, पहिले निकाल २०१० साली आले. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना आधी व्यायाम दिला आणि गुडघा सटकतच राहिला तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी बघितलं तर दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं, आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच. म्हणजे एसीएल तुटलं की टेबलावर घ्या असा नियम नाही. ऑफिसला जाणारा, सायकल चालवणारा, सरळ रेषेत पळणारा माणूस पुष्कळदा व्यायामावर निभावून नेतो. पण कबड्डी म्हणजे वळणं, उडी, पकड, वरून चार जणांचं वजन. तुमच्या मुलाला रेडर म्हणूनच परत जायचं असेल, आणि जिन्यावरच गुडघा सटकत असेल, तर माझा कल ऑपरेशनकडे राहील.

आणि आता चार महिने. दादा, नाही.

कारण नीट ऐका, पोरालाही वाचायला द्या. तुटलेला दोर आम्ही शिवत बसत नाही, त्याच्याच मांडीमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढतो, दुमडून चार पदरी करतो, दुर्बिणीने बघत दोन्ही हाडांत बोगदे पाडून त्यातून ओवतो, वर बटण, खाली स्क्रू. तासा-दीड तासाचं काम. पण त्या शिरेचा रक्तपुरवठा आपण काढतानाच तोडलेला असतो. शरीर तिला हळूहळू आपलीशी करतं, नवीन रक्तवाहिन्या जातात, जुन्या पेशी मरून नव्या येतात, आणि या सगळ्या उलथापालथीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती शीर बसवली तेव्हापेक्षा कमजोर झालेली असते. गंमत अशी की नेमकं त्याच सुमाराला पोराचं दुखणं थांबलेलं असतं, सूज नसते, जॉगिंग सुरू असतं आणि तो म्हणतो पप्पा मी फिट आहे. माझ्याकडे दुसऱ्यांदा तुटून आलेली बरीच पोरं या 'फिट आहे'वालीच असतात.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१६ साली आला, त्यात नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबाल तितकी पुन्हा दुखापत कमी, दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने. म्हणून मी नऊ महिन्यांच्या आत कुणालाही मॅटवर सोडत नाही, आणि नऊ झाले म्हणूनही सोडत नाही. मांडीची ताकद मोजायची, चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी हवी. एका पायावर उड्या मारून अंतर मोजायचं. मग आधी नुसतं फूटवर्क, मग धक्का न लागता सराव, मग पकडीसकट. ऋषभ पंतचं म्हणाल तर त्याचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, मुंबईत ऑपरेशन झालं जानेवारीत, आणि आयपीएलच्या मैदानावर तो आला मार्च २०२४ मध्ये. जवळजवळ पंधरा महिने, तेही दिवसभर फिजिओ दिमतीला असताना. त्याच्या दुखापती एका एसीएलपेक्षा मोठ्या होत्या हे खरं, पण आपल्याला टीव्हीवर परतलेला पंत दिसतो, मधले महिने दिसत नाहीत. विनेश फोगटचं गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये झालं, त्यापायी तिने एशियन गेम्स सोडले, आणि वर्षभराने पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीच्या फायनलपर्यंत धडक मारली. एशियन गेम्स सोडता येतात, तर तालुक्याची निवड चाचणी सोडता येईल.

कडू गोष्टपण सांगतो. जगभरातले आकडे एकत्र केले तर ऑपरेशननंतर शंभरातले ऐंशीएक जण कुठल्या ना कुठल्या खेळात परततात, पण पूर्वीच्या पातळीला पासष्टच, आणि स्पर्धेत जेमतेम पंचावन्न. यात ऑपरेशन फसलेले थोडे, भीतीने मागे राहिलेले आणि व्यायाम अर्ध्यावर सोडलेले जास्त. त्यामुळे पैसे जमवताना ऑपरेशनचेच नका जमवू, पुढच्या नऊ महिन्यांच्या फिजिओचे धरा, जाण्यायेण्याचे एसटीचे धरा, अंडी-दूध-डाळीचे धरा. सरकारी योजनेत काही बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, लाजू नका. महागाचा स्क्रू घेऊन फिजिओला पैसे उरले नाहीत असं झालं तर उपयोग शून्य.

प्रश्न: माझं वय ५४. खेळाडू वगैरे नाही, रोज सकाळी चालायला जाते, योगाचा क्लास करते. दोन महिन्यांपासून उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. एमआरआयमध्ये 'गादी फाटली, ग्रेड तीन' असं आलं. दुर्बिणीने साफ करून घ्या, छोटं ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी असं सांगितलंय. करू का? मांडी घालून बसता येईल का पुढे? (डोंबिवली)

ताई, 'साफ करून घ्या' हा शब्द मला आवडत नाही, गुडघा म्हणजे काय मोरी आहे? पण मीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत हेच बोलायचो आणि करायचो, तेव्हा सगळेच करायचे. ऑपरेशननंतर पेशंट बरे वाटतं म्हणायचे, आम्ही खूश.

मग फिनलंडच्या लोकांनी एक भन्नाट गोष्ट केली. ३५ ते ६५ वयाचे, गादी झिजून फाटलेले १४६ पेशंट घेतले. निम्म्यांची फाटकी गादी खरोखर कापली. उरलेल्यांना टेबलावर घेतलं, दुर्बीण घालून फक्त बघितलं, आणि मग खोटं ऑपरेशन केलं, म्हणजे हत्यारं मागायची, पाय हलवायचा, मशीनचा आवाज करायचा, पेशंटला कळू नये म्हणून. २०१३ साली निकाल छापला, वर्षभराने दोन्ही गट सारखेच बरे. गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीने धुण्याचं असंच त्याआधी २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला १८० जणांवर झालं होतं, तिथेही तेच.

आणि रिपोर्टमधल्या त्या 'फाटली' शब्दाने घाबरू नका. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ९९१ सामान्य लोकांचे एमआरआय काढले होते, पन्नाशीपुढचे. फाटक्या गाद्या भरपूर निघाल्या, पन्नाशीतल्या बायकांत १९ टक्के तर सत्तरीपुढच्या पुरुषांत ५६ टक्के, आणि ज्यांची फाटलेली त्यातल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा गेल्या महिन्यात दुखलाच नव्हता. केस पिकतात तशी गादी विरते. तुमच्या सोसायटीतल्या सगळ्यांचे एमआरआय काढले तर लिफ्टला रांग लागेल.

तर तुम्ही तीन महिने मांडीचा आणि कमरेचा व्यायाम करा, फिजिओकडून शिकून, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं यापासून सुरू करा, वजन चार-पाच किलो उतरत असेल तर उतरवा, चालणं बंद करू नका. बहुतेकांना एवढं पुरतं.

पण थांबा, एक प्रश्न माझा. दुखणं हळूहळू सुरू झालं की एका दिवशी? म्हणजे पाटावरून, देवघरापुढून उठताना किंवा भारतीय संडासातून उठताना मागच्या बाजूला कट्‌ झालं आणि त्या क्षणापासून पाय टेकवेना, असं? तसं असेल तर गोष्ट वेगळी. गादी जिथे हाडाला घट्ट धरलेली असते ते मूळच उपटलेलं असू शकतं. आपल्याकडे उकिडवं बसण्याची सवय असलेल्या पन्नाशीच्या बायकांत हे बरंच दिसतं, आणि मूळ सुटलं की गादी असून नसल्यासारखी, गुडघा भराभर झिजतो. अशा वेळी ते मूळ परत शिवण्याचा विचार करावा लागतो, आणि तो लवकर. रिपोर्टमध्ये 'रूट टेअर' असे शब्द आहेत का बघा. गुडघा मध्येच अडकत असेल, हलवून-हलवून सोडवावा लागत असेल, तरीही दाखवा.

मांडीचं म्हणाल तर, दुखत नसेल इतपत घाला. सहज आठवलं म्हणून, ही सांध्याची दुर्बीण जन्मालाच आली बसण्यापायी. १९१८ साली तोक्योत ताकागी नावाच्या डॉक्टरांनी लघवीच्या पिशवीत बघायची दुर्बीण पहिल्यांदा मृतदेहाच्या गुडघ्यात घातली, कारण टीबीने गुडघे आखडलेल्या जपानी माणसाला जमिनीवर बसता येत नव्हतं आणि तिथे जमिनीवर बसता न येणं म्हणजे चारचौघांत मोठी अडचण. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, पंगतीत एकट्याला खुर्ची दिली की कसं वाटतं.

प्रश्न: वय ४४, रविवारी बॅडमिंटन खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी नेटकडे धावताना टाचेच्या वर कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखं झालं, मी पार्टनरवर ओरडलोसुद्धा, तर तो लांब उभा. एक्स-रे नॉर्मल, मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज दिलं. चालतो, पण लंगडत. किती दिवस लागतील? (नाशिक)

दादा, हा अंक हातात पडेपर्यंत आधीच उशीर झालेला असेल, त्यामुळे वाचून झालं की उठा आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा. पार्टनर लांब उभा होता हे वाक्य आम्ही ऐकलं की लगेच पोटरी दाबून बघतो. बायकोला सांगा, तुम्ही पालथे झोपा, पावलं पलंगाबाहेर, आणि तिने पोटरी मुठीत धरून दाबायची. चांगल्या बाजूचं पाऊल खाली झुकतं, दुसऱ्या बाजूचं हललं नाही तर टाचेची मोठी शीर, अकिलिस, तुटलेली आहे. ती एक्स-रेत दिसत नाही, आणि दुसऱ्या बारीक शिरा पाऊल हलवतात म्हणून माणूस चालतोही, त्यामुळे चुकतं. एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येतंय का तेही बघा. ताजी असती तर चवडा खाली करून बूट किंवा प्लास्टर आणि शिस्तीत व्यायाम, यावरही पुष्कळांचं भागतं, ऑपरेशन लागतंच असं नाही. तीन आठवड्यांनी टोकं लांब गेलेली असतात, मग निर्णय जड होतो. महिने लागतील, दिवस नाही.

प्रश्न: सर मी २१ वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते. ८०० मीटरचा टायमिंग सुधारण्यासाठी दोन महिन्यांपासून सकाळ-संध्याकाळ डांबरी रोडवर पळते. आता नडगी खूप दुखते, आधी पळतानाच दुखायची, आता रात्रीपण. एक्स-रे काढला काही नाही निघालं. अकॅडमीतले सर म्हणतात सवय होईल, पेनकिलर घे. ग्राउंड दीड महिन्यावर आलंय. (बीड जिल्हा)

बाळा, पेनकिलर घेऊन पळू नकोस. एक बोट घे आणि नडगीच्या हाडावरून वरपासून खालपर्यंत दाबत जा. वीतभर पट्ट्यात सगळीकडेच दुखत असेल तर ती हाडाच्या कडेची सूज, ती पळणं कमी केलं की बरी होते. पण एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, बोट लावलं की जीव जातो असं असेल आणि त्यात रात्रीही दुखतंय, तर हाडाला बारीक तडा असण्याची शंका घ्यायला हवी. पहिले दोन-तीन आठवडे हा तडा एक्स-रेला दिसत नाही, म्हणून 'काही नाही निघालं' याचा अर्थ काही नाही असा होत नाही. एमआरआय सांगेल. दुखणारी जागा हाडाच्या अगदी पुढच्या धारेवर असेल तर जास्तच जपायचं, तो तडा हट्टी असतो, पळत राहिलं तर हाड सरळ मोडतं.

आणि एक प्रश्न, जो अकॅडमीतले सर विचारणार नाहीत. तुझी पाळी नियमित येते का? तयारीच्या नादात दोन वेळा पळायचं, वजन वाढू नये म्हणून एक भाकरी कमी खायची, मग पाळी लांबते, थांबते, पोरींना वाटतं बरं झालं कटकट गेली. तसं नाही. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसलं की ते आधी पाळी बंद करतं आणि मग हाडातून वसूल करतं. कॅल्शिअमच्या गोळीने हे भरून निघत नाही, जेवण वाढवावं लागतं, शेंगदाणे, डाळ, दूध, अंडं चालत असेल तर अंडं. ड जीवनसत्त्व तपासून घे.

तडा निघाला तर सहा ते आठ आठवडे पळणं बंद, हे मला माहितीये तुझ्या ग्राउंडमध्ये बसत नाही. या वेळी गोळाफेकीचा सराव बसून कर, विहिरीत पोहता येत असेल तर पोह, सायकल मार, दम टिकून राहील. भरती परत निघते. इंजेक्शन मारून ग्राउंड दिलं आणि शंभर मीटरच्या मध्यावर हाड मोडलं तर रॉड टाकावा लागेल.

प्रश्न: मी गोलकीपर, वय २०. खांदा तीनदा निखळला, शेवटच्या वेळी मित्रांनीच मैदानावर ओढून बसवला. पट्टा बांधून खेळू का? (म्हापसा, गोवा)

मित्रांना सांग पुन्हा असं करायचं नाही. खांद्याखालून एक नस जाते, कधी हाडाचा टवकाही उडालेला असतो, आणि ओढताना त्याचं काय होतंय हे मैदानावर कुणाला दिसत नाही. विशीच्या आत-बाहेर पहिल्यांदा निखळलेला खांदा परत निखळण्याची शक्यता भरपूर, आणि तीनदा झाल्यावर तर व्यायामाने तो थांबेल असं मी म्हणणार नाही, तेही डाइव्ह मारणाऱ्या गोलकीपरला. पट्ट्याने आठवण राहते, खांदा राहत नाही. एमआरआयसोबत सीटी स्कॅन करून घे, कारण मुख्य प्रश्न हा आहे की वाटीची कड किती झिजलीये. कड शाबूत असेल तर दुर्बिणीने फाटलेली किनार परत टाचता येते. बरीच झिजली असेल तर नुसतं टाचून टिकत नाही, तिथे जवळचंच छोटं हाड स्क्रूने बसवतात, फ्रान्सच्या लाटार्जे नावाच्या सर्जनने १९५४ साली सांगितलेली पद्धत, अजून चालते. हा सीझन सोड.

प्रश्न: टेनिसची रॅकेट आयुष्यात धरली नाही, तरी मला 'टेनिस एल्बो' कसा? इंजेक्शन घेऊ का? (गृहिणी, लातूर)

माझ्याकडे टेनिस एल्बो घेऊन येणाऱ्यांत टेनिस खेळणारे औषधालाही सापडत नाहीत. पोळ्या लाटणं, कपडे पिळणं, स्क्रू ड्रायव्हर, माऊस, मनगट उचलून धरायचं कुठलंही काम चालतं. सचिनलासुद्धा झाला होता, २००४ मध्ये, आणि २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन करावं लागलं, पण तो सचिन, तुम्हाला बहुतेक लागणार नाही. वर्षभरात बहुतेकांचं आपोआप जातं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने महिना-दीड महिना झकास वाटतं, वर्षाच्या शेवटी मात्र न घेतलेलेच पुढे असतात असं अभ्यासात दिसलंय. कणीक भिजवायचं काम काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणालातरी द्या, हे मी चिठ्ठीवर लिहून द्यायला तयार आहे.

प्रश्न: मुरगळल्यावर बर्फ की शेक? आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप चालतो का? (बऱ्याच जणांचा)

पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं तर अजिबात नाही. बर्फ दुखणं कमी करायला ठीक, दहा-पंधरा मिनिटं, फडक्यात गुंडाळून. ज्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली बर्फ आणि विश्रांतीचा मंत्र दिला त्यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की बर्फाने भरून येणं लांबू शकतं, त्यामुळे तासन्‌तास ठेवू नका. लेप लावा, आजीला बरं वाटेल, फक्त कढत लावू नका, लेपाने भाजलेली कातडी घेऊन लोक येतात आणि मग गरज असूनही ऑपरेशन लांबतं. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा.

प्रश्न: एसीएलच्या ऑपरेशनचा स्क्रू नंतर काढावा लागतो का? विमानतळावर मशीन वाजतं का? (पुणे, मुलाकडे अमेरिकेला निघालेले एक काका)

काका, त्रास नसेल तर काढत नाहीत. इतक्या छोट्या बटण-स्क्रूने मशीन सहसा वाजत नाही, वाजलंच तर गुडघ्यावरचे व्रण दाखवा. आणि लांबच्या विमानात दर तासाला उठून दोन चकरा मारा, पायात गुठळी नको. ऑपरेशनला सहा आठवडेही झाले नसतील तर आधी तुमच्या सर्जनला विचारून मगच तिकीट काढा.